जपानी पुरणासाठी इच्छापोर आणि कामरेज

आणि वर म्हणतात, यमुनाताई, वाईट वाटून घेऊ नका. पंधरा बायांसमोर माझ्या ताटलीतला घास तोंडातून काढून रुमालात ठेवायचा, आणि वाईट मी वाटून घ्यायचं नाही. घास तुरट होता, हे मी मान्य करते. त्या दिवशीही केलं होतं. पण त्यानंतर आपल्या मंडळाच्या सेक्रेटरी सुमनताई जे बोलल्या ते घासाबद्दल नव्हतं. त्या म्हणाल्या, शिकवणाऱ्या बाईला निदान कृती लिहिता आली पाहिजे, मापासकट. तिसरी शिकलेली बाई वर्ग घ्यायला उभी राहिली तर लोक मंडळाला हसतील. हे त्या माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत. पंख्याकडे बघून बोलल्या. पंखा बंद होता.

ज्या बाया त्या मीटिंगला नव्हत्या त्यांच्यासाठी सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर आपलं मंडळ नवागामच्या पोरीबायांसाठी आठ दिवसांचा स्वयंपाकाचा वर्ग काढणार आहे. केक शिकवायला तापीपलीकडच्या अडाजणहून एक बाई येणार. मी म्हटलं, आठातला एक दिवस मला द्या, मी जपानी पुरणाचे पोळे शिकवते. ओव्हन लागत नाही, तवा प्रत्येकीच्या घरी आहे. नमुना म्हणून करून आणले आणि तिथंच फजिती झाली. शेवटी ठरलं, यमुनाताईंनी कृती लिहून द्यावी, मंडळाच्या हस्तलिखित अंकात घालू, मग बघू.

तर ही घ्या. माझी मुलगी म्हणाली, आई, तू सांग, मी लिहिते. मी तिला तिचा अभ्यास करायला सांगितलं. पाच दिवस दुपारी बसून लिहिलंय, काना-मात्रा चुकला तर समजून घ्या. आणि नुसती कृती येणार नाही, कारण मला ती घरबसल्या मिळाली नाही. दोन दिवस दोन दिशांना हिंडले तेव्हा मिळाली. ज्यांना करून बघायची आहे त्यांना तोच रस्ता लागेल, म्हणून रस्त्यासकट लिहिते.

आधी पदार्थ. दोन जाड गोड पोळे, तळहाताएवढे, मऊ, वरून तांबूस. दोन्हींच्या मधे लाल पुरण. हातात धरून खायचं. नाव दोरायाकी. इच्छापोरला एका कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये मी ठेक्यावर भांडी घासायला होते. तिथं मशीन बसवायला आलेले एक जपानी साहेब आणि त्यांची बायको हारुको राहायचे. मी तिला हारूताई म्हणायची. एकदा तिनं हे केलं आणि पहिला पोळा माझ्या हातात दिला. साहेबाच्या आधी. अकरा वर्षं लोकांची उष्टी भांडी घासली, पण मला आधी वाढणारी हीच एक. ती चव मी विसरले नाही. गणपतीत ठेका संपला, मी घरी बसले, आणि जे बघितलं होतं तसं करायला गेले. तर तुरट.

का तुरट, ते मला कळेना. दुकानातून लाल चवळी आणलेली, भिजवलेली, शिजवलेली, साखर बरोबर. मग मी ठरवलं, हारूताईलाच जाऊन विचारायचं. गेस्ट हाऊसच्या स्वयंपाक्याला एसटीडी बूथवरून फोन केला तर तो म्हणाला, लवकर या मावशी, मॅडम पुढच्या आठवड्यात जपानला चालल्या, कायमच्या. म्हणजे हातात थोडे दिवस. दुसऱ्याच दिवशी निघाले. बरोबर शेजारची कमलवहिनी आली. ती जालन्याकडची, तिला मी विचारलंही नव्हतं. पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तू एकली गेलीस तर वाचमनशी भांडून माघारी येशील. मी हाय तर निदान आत तरी जाशील."

पहिला दिवस इच्छापोर. नवागामहून स्टेशनपर्यंत शटल रिक्षानं जा. पुढं ड्रायव्हरशेजारी बसू नका, अर्धं अंग बाहेर राहतं. स्टेशनवरून हजिऱ्याकडची बस पकडा. सकाळी आठच्या आधी निघालात तर कामगारांची गर्दी, नऊनंतर जागा मिळते. आम्ही साडेनवाची धरली. प्लेगच्या सालानंतर रस्ते इतके झाडायला लागलेत की स्टेशनबाहेर बसून खायची लाज वाटत नाही. बसायच्या आधी लोचो खाल्ला, वर कांदा आणि तेल. कमलवहिनी म्हणाली, हा बिघडलेला ढोकळा लोक पैसे देऊन का खातात. मग माझ्यातला अर्धा तिनंच संपवला.

तापीचा पूल ओलांडला की हवा बदलते. इकडं गल्लीगल्लीत कापडाच्या लूमची खडखड, तिकडं शेतं, मधेच भिंती, भिंतींच्या आत कारखान्यांच्या चिमण्या. पूल उतरल्यावर थंडीत पोंक विकणारे बसतात, हिरवी ज्वारी भाजून. येताना घ्यायची ठेवा, जाताना घेतली तर बसमध्येच संपते. इच्छापोरच्या फाट्यावर उतरून पंधरा मिनिटं चालावं लागतं. सावली नाही. डोक्यावर पदर घ्या आणि चालायला लागा.

गेटवर वॉचमन तोच, पण माणूस ठेक्यातून निघाला की वॉचमनची ओळख पुसते. म्हणाला, "मौसी, तुम तो निकल गई थी ना. अब किससे काम है?" मी म्हटलं, मॅडमशी. तो म्हणाला, मॅडम कोणाला भेटत नाहीत, सामान बांधताहेत. माझं डोकं तापलं. मी तोंड उघडायच्या आत कमलवहिनीनं पिशवीतून डबा काढला आणि त्याच्यासमोर उघडला. आत माझे ते तुरट पोळे. म्हणाली, "मॅडमला इतकंच दाखव. नाय ओळखलं तर आम्ही जातो."

तो डबा घेऊन गेला. पाच मिनिटांनी हारूताई स्वतः आली, पायात घरातल्या चपला, हातात माझा अर्धा खाल्लेला पोळा. तोंड वाकडं झालेलं, पण हसत होती. मला बघून वाकली. मीही वाकले. कमलवहिनी मागून म्हणाली, अगं किती वेळा वाकताय, आत तरी जाऊ.

आमच्या दोघींना मिळून हिंदीचे वीसेक शब्द येतात. तेवढे स्वयंपाकघरात पुरतात. तिनं सामानातून एक कागदी पुडी काढली. आत तिच्या देशाचे दाणे, आपल्या लाल चवळीहून लहान, गडद, टोकाला पांढरी रेघ. त्यातले अर्धे धुऊन तिनं पातेल्यात घातले, पाणी घातलं, गॅस लावला. उकळी आली. पाणी लाल झालं, चांगलं दाट लाल. मी मनात म्हटलं, काय कट येईल ह्याचा. आणि तिनं पातेलं उचललं आणि मोरीकडं वळली.

मी तिचा हात धरला. अगदी मनगट धरलं. पुरणाचं पाणी कोणी फेकतं का? आमच्या खान्देशात पुरण शिजवलं की त्याच्या पाण्याची रशी होते, खोबरं-मिरची वाटून. पुरणपोळी एकवेळ दोन कमी, पण रशी पाहिजेच. माझ्या सासूनं मला पहिल्या सणाला पुरणाचं पाणी सांडलं म्हणून दिवसभर ऐकवलं होतं. तेव्हापासून थेंब सांडलेला नाही. आणि ही बाई अख्खं पातेलं ओतायला निघाली.

हारूताईनं हात सोडवला नाही. पातेलं ओट्यावर ठेवलं, चमचाभर पाणी घेतलं, फुंकलं आणि माझ्यापुढं धरलं. म्हणाली, "पियो."

मी प्यायले. जीभ आकसली. तीच चव, मंडळात सुमनताईंनी रुमालात ठेवली तीच.

सगळं एकदम कळलं. तिनं पहिल्यांदा केलं होतं तेव्हा ह्याच वेळेला मी बाहेर दूधवाल्याकडून कॅन घ्यायला गेले होते. पहिलं पाणी फेकलेलं मी बघितलंच नाही. आणि घरी करताना मी काय केलं, तर आपल्या सवयीनं सगळं पाणी राखलं, वर ते आटवून दाण्यांतच जिरवलं, की काही वाया जाऊ नये. सगळा तुरटपणा मी स्वतः सांभाळून पुरणात भरला होता.

मी तिला हात केला, ओत. तिनं ओतलं. मी बघितलं नाही, खिडकीकडं तोंड केलं. कमलवहिनी म्हणाली, "डोळे उघड, आता नवीन पाणी घालतीय."

नवीन पाण्यात दाणे मऊ शिजले, बोटानं दाबला की पीठ होतो तेवढे. हे दुसरं पाणी तिनं वेगळं काढलं आणि माझ्याकडं बघितलं, म्हणजे, हे तुला पाहिजे का? मी म्हटलं, थांब. तिच्या स्वयंपाकघरात लाल तिखट होतं, लसूण होता, खोबरं नव्हतं. तेलावर लसूण टाकला, तिखट टाकलं, ते पाणी ओतलं, मीठ घातलं. खोबऱ्याशिवायची रशी म्हणजे आमच्याकडं आजाऱ्याला देतात तशी. तिनं वाटीभर प्यायली, खोकली, नाक पुसलं आणि परत वाटी पुढं केली. स्वयंपाक्याला बोलावून त्यालाही पाजली. तो म्हणाला, मावशी, सहा महिने इथं होतात तेव्हा कधी केली नाहीत. मी म्हटलं, तेव्हा मला मोरीच्या पुढं कोणी येऊ दिलं का?

निघताना तिनं उरलेले दाणे पुडीत बांधून मला दिले. मूठभर. मी काय द्यावं कळेना, पिशवीत काही नव्हतं. कपाळाला कुंकू लावावं तर तेही जवळ नव्हतं. कमलवहिनीनं स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून तिला लावली. जरा तिरकी लागली. तशीच लावून ती गेटपर्यंत आली.

येताना पोंक घेतला. बसमध्येच संपला.

दुसरा दिवस कामरेज. मूठभर दाण्यांनी वर्ग होत नाही, आणि नवागामच्या दुकानातली लाल चवळी इतकी जुनी की तासभर शिजवली तरी आत कडक. ताजी कामरेजकडं मिळते, असं आमच्या ह्यांच्या लूमवरच्या एकानं सांगितलेलं. स्टेशनवरून कामरेजची बस मिळते, पण वराछाच्या बाजूला हिऱ्यांच्या कारखान्यांची सुट्टी झाली की रस्ता तुंबतो. सकाळी जा, दुपारच्या आत परत या. चार रस्त्याला उतरलं की ट्रकवाल्यांची हॉटेलं. तिथं चहा पिऊ नका, उसाचा रस प्या. मसाला टाकू नको म्हणून आधीच सांगा, नाहीतर तो विचारत नाही.

बाजारात चवळी मिळाली, पण पांढरी. एका भाजीवालीनं सांगितलं, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या बाजूला जा, तिथं उसाच्या बांधाला लाल लावतात. छकड्यात, त्या तीनचाकी टमटममध्ये बसून गेलो. कमलवहिनीची कंबर धरली. उसाच्या गुऱ्हाळाशेजारी एक घर होतं, अंगणात शेंगा वाळत टाकलेल्या आणि एक गुजराती बेन सुपात दाणे पाखडत होती. मी वाकून एक दाणा उचलला आणि दातात धरला. ताजा. लगेच फुटला.

बेननं विचारलं, "शाक बनाववानुं छे?" भाजी करायची का. मी म्हटलं, नाही, गोड करायचं, पुरण. तिनं सूप खाली ठेवलं. चवळीचं गोड? तिनं घरातून सासूला हाक मारली, सासू आली, सुना आल्या. मी पुडी सोडून हारूताईचे दाणे दाखवले. सासूनं एक हातात घेतला, उन्हात धरला, नखानं टोकलं. मग एकच म्हणाली, "आ तो उगशे." हे तर उगवतील.

मला ते सुचलंच नव्हतं. मी ते दाणे डब्यात जपून ठेवणार होते, आठवण म्हणून. डब्यात ठेवून त्यांना किडेच लागले असते. मी अर्धी पुडी म्हातारीला दिली. तिनं बांधाच्या कडेला कुठं लावणार ती जागाही दाखवली, काठी रोवून. बदल्यात तिनं लाल चवळी मापाला वर ओंजळ घालून दिली, आणि गुऱ्हाळावरून बाटलीभर काकवी. ही काकवी ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. कोणी गेलात तर नहराच्या दुसऱ्या पुलानंतर डावीकडं, दारात पेरूचं झाड. माझं नाव सांगा. दाणे उगवले का ते बघून या.

आता घरी. हारूताई पिठात अंडी घालते, दोन. मी अंडं खाते, पण वर्गात निम्म्या बाया खात नाहीत, हळदीकुंकवाला तर कोणीच नाही. म्हणून बिनअंड्याचं जमवायला मला तीन घाणे बिघडवावे लागले. पहिला डोशासारखा झाला, दुसरा रबर. तिसऱ्यात सोडा जास्त पडला, साबणाची चव आली. चौथा जमला. तो लिहिते.

पुरण: एक वाटी ताजी लाल चवळी, रात्रभर भिजवून. बुडेल एवढ्या पाण्यात उकळी आणा आणि ते पाणी फेका. माझ्यासारखं करू नका, फेका. माझा हात अजून अडखळतो. पहिल्या वेळी मी ते निववून त्या पाण्यानं ओटा धुतला, म्हणजे वाया गेलं असं वाटलं नाही. मग नवीन पाण्यात मऊ शिजवा. दुसरं पाणी रशीला ठेवा. निथळलेले दाणे चेचा, पाऊण वाटी साखर घाला, मंद आचेवर ढवळा. डावानं तळाला रेघ ओढली आणि ती क्षणभर उघडी राहिली की झालं. चिमूटभर मीठ. वेलदोडा नको, जायफळ नको. पूर्ण गार होऊ द्या. आपण पुरण गरम वाटतो, हे गरम भरलं तर पोळा ओला होऊन फाटतो.

पोळे: एक वाटी मैदा, पाऊण वाटीहून जरा कमी पिठीसाखर, अर्धी वाटी दही, काकवी दोन चमचे, चहाच्या चमच्यानं पाव चमचा सोडा, एक चमचा तेल, आणि दूध लागेल तसं. धिरड्याच्या पिठाहून घट्ट पाहिजे. अर्धा तास झाकून ठेवा. तवा तापवून ओल्या फडक्यावर एकदा टेकवा, चर्र झालं की परत मंद आचेवर. तेलाचं बोट लावून पुसून काढा, तेल दिसता कामा नये, नाहीतर ठिपके पडतात. डावभर पीठ एकाच जागी ओता, पसरू नका, ते आपोआप गोल होतं. वर बुडबुडे येऊन फुटायला लागले की उलटा, एकदाच. काढून ओल्या फडक्याखाली ठेवा. मग दोन पोळे, मधे पुरण, कडा चिमटीनं दाबायच्या.

आमचे हे दुपारी लूमवरून जेवायला आले. ताटलीत दोन ठेवले. त्यांनी उलटून बघितलं. "हाई काय शे?"

मी म्हटलं, जपानी पुरणपोळी, खा.

"दूध कोठे शे?"

आमच्याकडं पुरणाची पोळी दुधात बुडवल्याशिवाय खात नाहीत. मी नको नको म्हणेपर्यंत वाटी घेऊन बुडवलीच. पोळा विरघळला, वाटीत लगदा झाला. मी कपाळाला हात लावला. त्यांनी चमचा मागितला, तो लगदा सगळा खाल्ला, दुसरा हातात धरून कोरडा खाल्ला आणि म्हणाले, हातातला बरा. मग विचारलं, मंडळानं काय सांगितलं. मी म्हटलं, अजून काही नाही. ते म्हणाले, "मग परत विचार. गप नको बसू." लग्नाला एकवीस वर्षं झाली, मला गप बसू नको म्हणायची त्यांच्यावर ही पहिली वेळ.

तर ह्या हिंडण्यातून काय राहिलं? पिशवीत अर्धी पुडी दाणे आहेत, वर्गात दाखवायला ठेवलेत. कामरेजच्या बांधावर एक काठी रोवलेली आहे. इच्छापोरच्या त्या मोरीत माझी वीस वर्षांची समजूत ओतली गेली, ती मला परत नको. आणि एक कळलं, चूक माझ्या न शिकण्यामुळं झाली नव्हती. सासूनं शिकवलेलं मी जास्तच पक्कं धरून ठेवलं होतं, म्हणून झाली. हीच चूक वर्गातल्या प्रत्येक खान्देशी पोरीकडून होणार, मी लिहून देते. अडाजणच्या बाईला ती पकडता येणार नाही, तिला रशी माहीतच नाही. पातेलं राखायला जो हात पुढं येईल तो कुणीतरी धरायला पाहिजे, आणि चमचाभर पाणी पाजायला पाहिजे. ते मी करणार.

मंगळवारी मी सहा पोळे सुमनताईंकडं मुलीबरोबर पाठवले. बुधवारी ताटली परत आली. धुतलेली, आणि रिकामी पाठवू नये म्हणून वर चिमूटभर साखर. चिठ्ठी नव्हती. मुलगी म्हणाली, त्यांच्या घरात सगळ्यांनी खाल्ले, एक उरला तर त्यावरून दोघा भावांत भांडण झालं. मी विचारलं, सुमनताई काय म्हणाल्या? म्हणाली, ताटली दिली फक्त.

साखर मी चहात घातली. तिला मी उत्तर धरत नाही.

तुम्ही कृती मागितली, मापासकट, लिहून. दिली. ज्या पंधरा बायांसमोर मला तिसरी शिकलेली म्हटलं त्या सगळ्या हा अंक वाचतील. फळा मला नको, खडू नको, एक शेगडी आणि एक तवा द्या, दुपारचे तीन तास. रविवारी चारला मीटिंग आहे. त्याच्या आत मला कळलं पाहिजे, वर्गातला एक दिवस माझा की नाही. निरोप पाठवू नका, पंख्याकडं बघून बोलू नका. मी लिहून दिलंय, तुम्हीही लिहून द्या. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, आणि खाली सही.

यमुना